समेवरची काठी

दुपारची जेवणं उरकली, की मोरेश्वरकाका खिडकीपाशी व्हीलचेअरमध्ये बसून गायला लागायचे; आणि ते रंगात आले, की वरच्या मजल्यावरून ठोका पडायचा. ठक. मग जरा शांतता. मग पुन्हा ठक. रत्नाकाकू ओट्यापाशी असल्या तर हातातलं भांडं तसंच धरून छताकडे बघत राहायच्या.

"ऐकलंत? बाईला देवाचं नावसुद्धा खपत नाही."

काका हसायचे. ओठांची उजवी कड उचलली जात नसे, त्यामुळे हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला उमटायचं. डाव्या हाताचं बोट वर करून ते एकच शब्द म्हणायचे, "सम."

"सम कसली डोंबलाची," असं म्हणून काकू खिडकी लावून घ्यायच्या.

पानगळीच्या दिवसांत काकांना पॅरॅलिसिसचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. न्यू जर्सीत आल्यापासून ज्यानं एकही रामनवमी कीर्तनावाचून जाऊ दिली नाही, उभ्यानं निरूपण करताना ज्याला पाण्याचा घोट आठवत नसे, त्या माणसाला 'चहा' म्हणताना घाम फुटू लागला. पण गाणं राहिलं. बोला म्हटलं की जीभ अडायची. सूर धरून दिला की अख्खं पद बिनचूक बाहेर यायचं. थेरपिस्टनं मेंदूचं चित्र दाखवून सांगितलं होतं, की बोलणं एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. तुमच्या मिस्टरांची ती बाजू वाचली. काकूंनी मान डोलावली, पण त्यांच्या मनानं वेगळंच घेतलं होतं. भगवंतानं नेताना विचारलं असणार, बुवा, दोन्हींतलं काय ठेवू? आणि यांनी नाम ठेवून घेतलं.

त्याच थेरपिस्टनं आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र काकू रोज घोकत होत्या. हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आत्ता जितकं परत मिळवाल तितकं तुमचं; थेरपी चुकवू नका.

आणि थेरपीला जायचं तर घराबाहेर पडायला हवं. तिथेच घोडं अडलं होतं.

घर भाड्याचं. पिस्कॅटवेतल्या एका जुन्या वसाहतीतला तळमजल्याचा फ्लॅट; पण तळमजला नावाचाच, कारण दाराबाहेर सिमेंटच्या पायऱ्या होत्या. मोठं घर विकून इथे आले तेव्हा काका त्या पायऱ्या शीळ घालत उतरायचे. आता त्याच पायऱ्यांवरून त्यांना खुर्चीसकट दोघांनी उचलायचं. एकदा उचलणाऱ्याचा पाय घसरला, आणि काका रेलिंगवर आपटता आपटता वाचले. त्या दिवसापासून कुणी उचलायला आलं, की काका डाव्या हातानं दाराची चौकट घट्ट धरून ठेवत. "पालखी नाही," एवढंच म्हणत, आणि हात सोडवायला कुणाचं मन होत नसे.

म्हणून काकूंनी पायऱ्यांवर एक जाड फळी टाकून घेतली. काका आयुष्यभर हायवेचे रॅम्प काढणारे इंजिनियर; त्यांनी ती फळी पाहिली आणि "चढ" म्हणून नाक मुरडलं. चढ होताच. पण मेडिकल व्हॅनचा ड्रायव्हर खुर्ची मागून धरून, पाय रोवून, त्यांना वरखाली नेत होता. फळी नसती तर तोही हात लावणार नव्हता. उचलून न्यायची त्यांच्या कंपनीची परवानगी नव्हती.

आणि एके दिवशी दारावर वसाहतीच्या असोसिएशनची नोटीस चिकटली. परवानगीशिवाय टाकलेली फळी धोकादायक आहे, आठवड्यात काढा.

काकू नोटीस हातात घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि त्यांची नजर आपोआप वर गेली. वरच्या बाल्कनीत मिसेस गॅडी उभी होती. उंच, काळीसावळी, पांढऱ्या केसांची, हातात काठी. तिनं हात हलवला. काकूंनी हलवला नाही.

---

फ्लॅट अनिलचा होता, आणि अनिल म्हणजे परका नव्हे. नागपूरहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला तेव्हा पोरगेला होता. दर रविवारी काकूंच्या मोठ्या घरी जेवायला असायचा. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, भाड्यानं द्यायला म्हणून हा फ्लॅट घेतला. काकाकाकूंना लहान घर हवंय म्हटल्यावर किल्ली हातात ठेवून म्हणाला होता, की काकू, तुमचंच घर समजा. रामनवमीच्या कीर्तनाचं यजमानपण गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे. मध्यंतरात बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, तो मान अनिलचा.

नोटीस आल्याचं कळवताच तो संध्याकाळी पेढे घेऊन आला. काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूंनी थालीपीठ लावलं. खाता खाता त्यांनी सगळं मांडलं. फळी नको असेल तर नीट रॅम्प करू, भिंतीला धरून, लांब, हलक्या उताराचा, आमच्या खर्चानं. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचे आहेत. टाइल्सना भोकं पडतील, जाताना बुजवून देऊ. तू एकदा हो म्हण.

अनिलनं घास गिळला. "काकू, माझं काय, मी तर आत्ता हो म्हणेन. पण ही असोसिएशन, यार, फार स्ट्रिक्ट आहे. कुणीतरी कम्प्लेन केली असणार." आणि बोलता बोलता त्यानं हलकेच छताकडे पाहिलं.

वरून नेमका त्याच वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकूंना आणखी पुरावा नको होता.

जाताना अनिल दारात थांबून म्हणाला, की तुम्ही लेखी काही देऊ नका. कागद गेला की हे लोक अडून बसतात. मी बोलतो आतून. काकूंनी त्याच्या डब्यात उरलेली थालीपीठं भरून दिली.

राधिकाचा, म्हणजे दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा, हर्नडनहून फोन आला तेव्हा काकूंनी हे सगळं कौतुकानं सांगितलं.  मग तिनं विचारलं, की अनिलदादानं लिहून काय दिलं?

लिहून कशाला देईल, काकू म्हणाल्या, घरचा माणूस आहे.

राधिकानं मग शांतपणे समजावलं. इथे कायदा आहे, फेअर हाउसिंगचा. अपंग भाडेकरूला स्वतःच्या खर्चानं घरात लागतील ते बदल करायला घरमालक नाही म्हणू शकत नाही, आणि असोसिएशनही नाही. फक्त मागायला हवं, आणि लेखी मागावं, म्हणजे नंतर कुणी कानावर हात ठेवत नाही. "आई, एक इमेल कर. चार ओळींची. मी ड्राफ्ट करून देते."

"अगं, तो माझ्या हातचं जेवलाय. त्याला मी कोर्टात ओढल्यासारखा कागद पाठवू?"

"कोर्ट कुठे आलं त्यात? रिक्वेस्ट असते ती."

पण काकूंना ते पटेना. सुपारी, अक्षत, फार तर एक फोन. आपल्या माणसांत याहून जास्त कशाला? कागद परक्याला द्यायचा. आणि परकं कोण, ते तर त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

---

फळी निघाली. व्हॅन आली, ड्रायव्हरनं पायऱ्या पाहिल्या, खांदे उडवले आणि परत गेला. पुढच्या खेपेला तो आलाच नाही. त्यांच्या ऑफिसनं फोनवर कळवलं, की वाट सुरक्षित झाली की सांगा. अनिलला फोन केला की तो म्हणायचा, काकू, चालू आहे बोलणं. गोड बोलायचा. पुढे त्याचे फोन कमी झाले, मग मेसेज आले, मग नुसते हात जोडलेली चित्रं यायला लागली.

इकडे काकूंची पाळत वाढत गेली. मिसेस गॅडी पत्रं घ्यायला खाली उतरली की त्या पडद्याआडून बघत. बाई पायऱ्यांपाशी थांबते, दाराकडे निरखून बघते, काहीतरी पुटपुटते. एकदा तर काकू बाहेर कुंडीला पाणी घालत होत्या, काका आत गात होते, आणि वर पाहिलं तर बाल्कनीच्या कठड्यावरून एक हात खाली आलेला, हातात फोन. फोनचा पडदा उजळलेला होता. काहीतरी टिपत होती बाई.

काकू झारी तिथेच ठेवून आत आल्या. रेकॉर्डिंग करतेय. आवाजाची तक्रार करणार. आधी फळी काढवली, आता गाणं बंद करणार, आणि मग एक दिवस आम्हालाच काढणार.

त्या दिवशी त्यांनी खिडक्या बंद केल्या, दाराखाली टॉवेल दाबला, आणि काकांच्या समोर बसून म्हणाल्या, की थोडे दिवस मनातल्या मनात म्हणा. नाम मनातलंही पोचतं.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. बोट वर केलं. "ती... सम."

"पुरे झालं तुमचं सम. ती ठोकते. तुम्हाला गप्प करायला ठोकते."

काका गप्प झाले. आणि खरंच, ते गप्प झाले तसा वरचा ठोकाही थांबला. बघा, काकू मनाशी म्हणाल्या, हेच हवं होतं तिला.

पण शांतता त्यांना वाटली होती तशी निघाली नाही. काका जेवणानंतर गाण्याऐवजी झोपू लागले. 'चहा' हा शब्द, जो महत्प्रयासानं परत आला होता, तो एका सकाळी आलाच नाही. काका तोंड उघडून कपाकडे नुसते बघत राहिले. काकूंनी कप त्यांच्या डाव्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

रामनवमी जवळ आली होती. मराठी मंडळातून विचारणा सुरू झाली होती, की यंदा काय. काकू कुणालाच उत्तर देत नव्हत्या.

---

नळ बंद केला तो त्यांनी ठरवूनच. अंगात कोट चढवला, वसाहतीच्या टोकाला असोसिएशनचं ऑफिस होतं तिथे गेल्या. टेबलामागे टेरेसा नावाची मध्यमवयीन बाई होती, चष्मा डोक्यावर सारलेला. काकूंनी खुर्ची ओढली आणि जे साठलं होतं ते सगळं एका दमात ओतलं. वरची बाई ठोकते, चोरून रेकॉर्ड करते, तिनं आमच्या फळीची तक्रार केली, माझा नवरा घरात अडकून पडलाय, त्याची वाचा चाललीय.

टेरेसानं मध्ये थांबवलं नाही. शेवटी चष्मा खाली ओढून तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि जरा गोंधळून विचारलं, कोणती तक्रार? वरून काही आलेलं नाही. फळीबद्दल फ्लॅटच्या मालकानं स्वतः फोन केला होता. माझ्या परवानगीवाचून टाकलीय, काढायला सांगा, म्हणाला.

काकूंना वाटलं आपल्याला इंग्रजी नीट कळलं नाही. इतकी वर्षं या देशात काढून असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. टेरेसानं पुन्हा तेच सांगितलं, आणि मग आपणहून पुढे म्हणाली, की खरं म्हणजे आम्ही वाट बघत होतो. व्हीलचेअर आहे, पायऱ्या आहेत, म्हणजे रॅम्पची मागणी येणारच. तुम्ही लिहून दिलंत की आम्हाला हो म्हणावंच लागतं. कायदाच तसा आहे. फक्त काम नीट माणसाकडून करून घ्या. पण तुमच्याकडून काही आलंच नाही, आणि मालक म्हणाला की ते लवकरच मुलीकडे राहायला जाणार आहेत.

"कोण जाणार आहे?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही," टेरेसा म्हणाली.

परतताना काकूंना रस्ता दिसत नव्हता, दिसत होता तो अनिलचा चेहरा. घास गिळणारा. आणि छताकडे गेलेली ती हलकीशी नजर. सहज गेली होती, की मुद्दाम नेली होती? आणि आपण किती लगेच तिच्यामागे गेलो. कशासाठी केलं असेल त्यानं? भाडं वेळेवर जातं, भिंतीला एक खिळा विचारल्याशिवाय ठोकला नाही. पेढे आणायचे, पाया पडायचं, आणि बाहेर जाऊन फोन फिरवायचा?

जिन्याच्या तोंडाशी मिसेस गॅडी पत्रांचा गठ्ठा घेऊन, कठड्याला टेकून दम खात उभी होती. काकूंना टाळता आलं नाही.

ती म्हणाली, की मिस रत्ना, तुमच्या मिस्टरांची तब्येत बरी आहे ना? गाणं बंद का झालं?

काकूंनी सरळच विचारलं, की तुम्ही ठोकत होतात ना, बंद व्हावं म्हणून?

बाईनं आधी काठीकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि मग ती इतकं हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. तिचा नवरा पाद्री होता, तिकडे दक्षिणेत, साउथ कॅरोलायनात. प्रवचन बोलता बोलता त्याला सूर लागायचा, आणि मग तो बोलायचा नाही, गायचा. लोक बाकांवर हात मारायचे, जमिनीवर पाय मारायचे. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मग एका दुपारी जमिनीखालून आवाज आला. शब्द एक कळेना, पण माणूस काय करतोय ते कळलं. तुमचा नवरा वर वर चढत जातो आणि खाली उतरायच्या आधी जरा थांबतो, बघा. आणि तो उतरतो तिथे माझी काठी आपोआप पडते. माझ्या बहिणीला ऐकवायला मी फोनवर थोडं घेतलंही. विचारायला हवं होतं. चुकलं असेल तर पुसून टाकते.

काकू तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.  म्हणाल्या, पुसू नका.

घरात आल्यावर त्यांनी खिडक्या उघडल्या, दाराखालचा टॉवेल उचलला, आणि नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "सम होती," त्या म्हणाल्या.

काकांनी एका बाजूनं, समाधानानं हसून घेतलं.

---

त्या संध्याकाळी राधिकाच्या चार ओळी काकूंनी स्वतः टाइप केल्या. माझे पती व्हीलचेअर वापरतात. दाराबाहेर रॅम्प आणि बाथरूममध्ये दांडे बसवायचे आहेत, खर्च आमचा. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. एक प्रत सकाळी टेरेसाच्या हातात दिली. दुसरी देवघराच्या खणात ठेवली. ती पोस्टानं जाणार नव्हती.

मग त्यांनी मंडळात एकेकाला फोन लावला. रामनवमीचं कीर्तन होणार. नेहमीसारखं शाळेच्या हॉलमध्ये नाही, आमच्या घरी. बुवा गातील. निरूपण कोण करणार, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, मी.

त्यांनी आजवर कधी निरूपण केलं नव्हतं. इतकी वर्षं त्या मागे टाळ धरून बसत; काकांना एखादा शब्द सुचला नाही, तर टाळाआडून हळूच पुरवत. पण एवढं ऐकलेलं वाया थोडंच जातं?

सगळ्यात शेवटचा फोन अनिलला. तो म्हणाला, येतो काकू, हार घेऊन येतो.

रामनवमीला फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर चपलाबुटांचा ढीग. काका धोतर नेसून, उपरणं घेऊन व्हीलचेअरमध्ये, गळ्यात वीणा. शेजारी काकू उभ्या, हातात काकांच्या चिपळ्या. पूर्वरंगात काकू थोडं बोलल्या, काका खूप गायले. आवाज पहिल्यांदा कापरा होता, मग खिडकीतून ऊन आत यावं तसा पसरला. तो वर गेला, थांबला, उतरला, आणि छतातून आवाज आला. ठक. लोक दचकून वर पाहू लागले. पेटीवरचा शंतनू थांबलाच.

"सम," काका स्पष्ट म्हणाले, आणि हशा पिकला.

मध्यंतराचा बुक्का उत्तररंगानंतर लावू, असं काकूंनी जाहीर केलं, तेव्हा यजमान अनिल हार घेऊन अर्धवट उठला होता तो पुन्हा बसला. तो भिंतीकडे होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गोष्ट सुरू केली.

गोष्ट अशी. एका गावातल्या देवळात एक पुजारी होता, इतका गोड, की आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नाही. त्या देवळात एक पांगळी म्हातारी रोज सरपटत यायची. एक दिवस तिला दार बंद दिसलं. पुजारी खिडकीतून म्हणाला, आजी, मी तर आत्ता उघडलं असतं, पण पावसानं दार फुगलंय. म्हातारी पावसावर चिडली. दुसऱ्या दिवशीही दार फुगलेलं. ती सुतारावर चिडली. मग ढगांवर, मग शेजारणीवर, तिनं ओली धुणी वाळत घातली होती म्हणून. गावभर भांडून झालं. पुजारी रोज खिडकीतून हळहळायचा, आणि प्रसादाचा खडा तिच्या हातावर ठेवायचा. शेवटी एक दिवस म्हातारी दाराला पाठ लावून रडत बसली, तेव्हा आतून देवालाच राहवलं नाही. देव म्हणाला, आजी, पाऊस कधीच थांबला. कडी आतून लावलेली आहे.

काकू तिथे थांबल्या, आणि काकांनी नामाचा गजर उचलला. खोलीत टाळ्या घुमल्या, वर काठी घुमली. अनिलच्या टाळ्या मात्र वाजत नव्हत्या. त्याची मान खाली होती, मांडीवरचा हार एका हातानं चुरगळत होता.

बारा वाजले, पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. अनिल उठून पुढे आला. चुरगळलेला हार त्यानं काकांच्या गळ्यात घातला, बुक्का लावला. रिवाजाप्रमाणे काकांनीही त्याला बुक्का लावला आणि डाव्या हातानं जवळ ओढलं. काकांना त्यातलं काय काय ठाऊक होतं, काकूंना कधी नीट कळलं नाही.

---

मंडळी गेल्यावरही अनिल गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"काकू, ती कडी."

"बोल."

त्यानं सांगितलं ते तुटक तुटक. बायकोची नोकरी इथून दूर, प्लेनो शहरात चाललीय. उन्हाळ्यात फ्लॅट विकायचाय. घेणाऱ्यांना रिकामं घर हवं असतं. एकदा रॅम्प झाला, दांडे बसले, की तुम्ही इथे रुजलात. मग जा कसं म्हणू? ज्यांच्या घरी जेवलो त्यांना जा म्हणायचं कोणत्या तोंडानं? असोसिएशननं नाही म्हटलं, की तुम्ही आपणहून राधिकाकडे जाल. "कुणालाच वाईट वाटलं नसतं, असं वाटलं मला."

"त्यांची थेरपी बुडाली, अनिल. आलेला शब्द परत गेला." काकूंचा आवाज चढला नाही. "आणि तू वर बघितलंस. त्या बाईशी मी वाकडी वागले, ती तुझ्या बघण्यानं."



"नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. मी रडले असते. थालीपीठही दिलं असतं."

मग त्यांनी देवघराच्या खणातला कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. तू हो म्हणावंस म्हणून देत नाहीये, त्या म्हणाल्या. कायदा तुझ्या होकारासाठी थांबत नाही, आणि करार पुढच्या वसंतापर्यंत आहे. घर विक खुशाल, जो घेईल तो आम्हाला तोवर रॅम्पसकट घेईल. पण तुला कळल्याशिवाय तुझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही, म्हणून हातात देतेय.

अनिलनं कागद दोन्ही हातांनी घेतला. खिशातलं पेन काढून तिथेच, ओट्यावर, सही केली. काकूंनी सही दोनदा वाचली. पूर्वी वाचली नसती.

रॅम्प बसला तेव्हा मॅग्नोलिया फुलला होता. ॲल्युमिनियमचा, भिंतीला धरून, मध्ये एक वळण. काकूंनी बसवणाऱ्यासमोर एकेक नट हलवून बघितला. व्हॅनवाल्यांना वाट झाल्याचं कळवलं. काकांनी उताराकडे डोळे बारीक करून, हायवेचा असल्यासारखं, बराच वेळ पाहिलं. मग ब्रेक सोडला, आणि डाव्या हातानं चाक धरत, कुणाच्याही हाताशिवाय, सावकाश खाली उतरले. खाली जाऊन म्हणाले, "उतार." आणि थोड्या वेळानं, घाम पुसत, "बरा."

दोन शब्द. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात त्यांना अनिल दिसला. गाडी पलीकडे लावून तो रॅम्पचे फोटो काढत होता. काकूंचा जुना संशय जागा झाला. कुणाला पाठवतोय हा? आता काय नवीन? पण पडद्याआड जायचे दिवस संपले होते. त्या सरळ त्याच्याकडे चालत गेल्या.

"कशाला काढतोयस?"

अनिलनं फोन खाली केला. एकदा वर बघितल्यासारखं केलं, मग नजर आवरली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "जाहिरातीसाठी, काकू. घर विकायचंय ना, तुमचा करार संपला की. तेव्हा ज्यांच्याकडे व्हीलचेअर आहे असं कुणीतरी घेईल."

काकूंना राग आला, आणि त्या रागातही कुठेतरी बरं वाटलं. या मुलानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना न आवडणारी गोष्ट तोंडावर सांगितली होती.

"मग नीट काढ," त्या म्हणाल्या. "तो कचऱ्याचा डबा येतोय मध्ये. आणि त्यांना बाजूला घेऊ नकोस. असू देत फोटोत."

खाली उन्हात काकांनी सूर लावला होता. वरच्या बाल्कनीत मिसेस गॅडी काठी धरून वाट बघत होती, ते कुठे उतरतात याची.